पीप्सची दैनंदिनी आणि मरोळचा वाचक

सॅम्यूएल पीप्स (१६३३–१७०३) या लंडनच्या गृहस्थाने १ जानेवारी १६६० ते ३१ मे १६६९ या काळात लिहिलेली खाजगी रोजनिशी. पीप्स शिंप्याचा मुलगा. केंब्रिजला शिकून तो १६६० मध्येच आरमाराच्या कचेरीत कारकुनीच्या मोठ्या हुद्द्यावर चढला. रोजनिशी त्याने शेल्टनच्या लघुलिपीत लिहिली. डोळे जातील या भीतीने त्याने ती थांबवली. तिचे सहा खंड केंब्रिजच्या मॉडलिन महाविद्यालयात आहेत. लघुलिपी उलगडून त्यांतला निवडक भाग पहिल्यांदा १८२५ मध्ये छापला गेला.

राजाचे राज्यारोहण, प्लेग, लंडनची आग हे सारे तिच्यात आहे. पण वाचक तिच्यात रमतो तो घरातल्या गोष्टींमुळे. २५ सप्टेंबर १६६० रोजी पीप्सने आयुष्यात पहिल्यांदा चहा मागवला. मूतखड्याच्या शस्त्रक्रियेतून वाचल्याचा दिवस तो वर्षोवर्षी जेवण घालून साजरा करायचा. १६६६ ची आग घराकडे सरकू लागली, तेव्हा त्याने बागेत खड्डा खणून दारू आणि इटालियन चीज पुरून ठेवले. घर सोडायची वेळ आली की माणूस आधी काय उचलतो, हे २६ जुलै २००५ चा पूर पाहिलेल्या मुंबईच्या उपनगरवासीयाला समजावून सांगावे लागत नाही.

मुंबईतल्या मरोळच्या वाचकासाठी मोलाचे पान आहे ५ सप्टेंबर १६६३ चे. त्या दिवशी पीप्स बायकोसोबत बाजारात गेला आणि बरेच पाहून-पारखून तिच्या नव्या खोलीच्या भिंतींना लावायला हिंदुस्थानी चीट घेतली. छापील-रंगीत सुती कापडाला आपण चीट म्हणतो, तोच शब्द थोडा बदलून त्याच्या लघुलिपीत उतरला आहे. मग तो पूर्वेकडची माहिती असलेल्या एका कप्तानाकडे गेला. तिथे कळले, की इंग्लंडच्या राजाच्या पोर्तुगीज राणीच्या आंदणातली मुंबई पोर्तुगीज अजून देत नाहीत आणि मिळाली तरी ते एक गरीब, चिमुकले बेट आहे. राजाला दाखवलेल्या नकाशात मात्र मुंबई आणि जवळची बेटे एकसलग दाखवली होती. ताबा घ्यायला माणसे निघण्यापूर्वी एवढी साधी चौकशी कोणी कशी केली नाही, याचे पीप्सला नवल वाटते.

त्या ‘जवळच्या बेटां’त सर्वांत मोठे साष्टी, आणि मरोळ साष्टीतले. नोंदीत साष्टीचे नावही नाही. तरी मरोळकराने हे पान दोनदा वाचावे, कारण आपले गाव परक्याच्या कागदावर चुकीच्या रेषेत ओढले गेल्याचा इतका जुना पुरावा सहसा हाती लागत नाही. त्या काळी मरोळ पोर्तुगीज अमलाखाली होते. सीप्झ या उद्योगक्षेत्राच्या आवारातल्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चच्या भिंती त्याच अमलाची आठवण आहेत. आज छप्पर नसलेली ती वास्तू पीप्स लिहीत होता तेव्हा नांदती होती.

प्लेगच्या नोंदी वाचताना दुसरा धागा सापडतो. ७ जून १६६५ रोजी लंडनच्या एका गल्लीत पीप्सने बंद दारांवर लाल क्रूस पाहिले. आत रोग आहे, कोणी येऊ नये, अशी ती खूण होती. मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला, तेव्हा इथल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाच्या वस्त्यांतही क्रूस उभारले गेले. पण ते दारांवर नव्हते; शेजारपाजाऱ्यांनी एकत्र प्रार्थनेला बसावे म्हणून ते गल्लीच्या तोंडाशी होते. खूण एकच, पण एकीने दार बंद केले आणि दुसरीने शेजार जमवला. हा फरक मला पीप्सच्या पानामुळेच नीट दिसला.

मराठीत सतराव्या शतकाची जेधे शकावली आहे, पुढे पेशव्यांच्या रोजनिश्या आहेत. त्यांत स्वाऱ्या, सनदा आणि नेमणुका सापडतात. बायकोसाठी कापड निवडणारा माणूस सापडत नाही. म्हणून ही परकी रोजनिशी आपणही वाचायला हवी.

राजाच्या नकाशात एकसलग दिसलेली ही बेटे प्रत्यक्षात जोडली जायला पुढे बराच काळ गेला. मुंबई बेट १६६५ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आले. साष्टी १७३९ पर्यंत मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून जिंकून घेतली आणि डिसेंबर १७७४ मध्ये ती इंग्रजांच्या हाती गेली. माहीम आणि वांद्रे जोडणारा बांधरस्ता १८४५ मध्ये खुला झाला.