नगरपंचायत आणि आपली वस्ती : ग्रामसभा गेल्यावर हाती काय उरते?

तालुक्याच्या गावाला नगरपंचायत मिळाली की चौकात अभिनंदनाचे फलक लागतात. आपल्या वस्तीत मात्र दोनच गोष्टी बोलल्या जातात : घरपट्टी वाढणार आणि रोजगार हमीचे काम बंद होणार. दोन्ही भीती अनाठायी नाहीत. पण त्यापेक्षा मोठी एक गोष्ट बदलते आणि तिची चर्चा होत नाही. गावाची ग्रामसभा संपते. वर्षातून काही वेळा का होईना, सरपंच आणि ग्रामसेवकाला सर्वांसमोर उभे करून "आमच्या गटारीचे काय झाले?" असे विचारण्याची जागा जाते. तिची जागा कागद घेतो : ठराव, अंदाजपत्रक, इतिवृत्त, आकारणी यादी. हा कागद वाचायला आपली मुले शिकली नाहीत, तर वस्तीच्या नावाचा पैसाही वस्तीत येत नाही. बौद्ध तरुण-तरुणींनी आणि कार्यकर्त्यांनी हाताशी ठेवावी अशी माहिती आम्ही येथे एकत्र देत आहोत.

नगरपंचायत म्हणजे काय?

७४ व्या घटनादुरुस्तीने १ जून १९९३ पासून नागरी स्थानिक संस्थांना घटनात्मक दर्जा मिळाला. ग्रामीण भागातून नागरी भागात बदलत असलेल्या गावासाठी अनुच्छेद २४३-थ मध्ये नगरपंचायतीची तरतूद आहे. महाराष्ट्रात तिचा कारभार 'महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५' या कायद्याने चालतो. लोकसंख्येची सर्वसाधारण अट दहा ते पंचवीस हजारांची. पण २०१४ साली राज्य सरकारने तालुका मुख्यालयांच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायती करण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे शेतमजुरीवर जगणारी अनेक लहान गावेही कागदोपत्री 'शहर' झाली.

नगरपंचायतीत १७ प्रभाग असतात आणि प्रत्येक प्रभागातून एक नगरसेवक निवडून येतो. नगराध्यक्ष राजकीय प्रमुख असतो. प्रशासनाचा प्रमुख मुख्याधिकारी. त्याची नेमणूक राज्य सरकार करते. अर्ज लिहिताना म्हणूनच 'मा. मुख्याधिकारी' यांच्या नावे लिहावा आणि प्रत नगराध्यक्ष व प्रभागाच्या नगरसेवकाला द्यावी. नगरसेवकाच्या कानावर घातलेली तक्रार म्हणजे अर्ज नव्हे. आवक विभागात दिलेला, पोच घेतलेला कागद म्हणजे अर्ज.

महाडचा ठराव आठवा

ठरावाचे मोल आणि ठरावाची मर्यादा, दोन्ही आपल्या चळवळीला एका लहान गावाच्या नगरपालिकेनेच शिकवले आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने मंजूर केला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. त्याला धरून महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले, प्रत्यक्षात तीन वर्षे कोणी पाण्याला हात लावू शकले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे तळ्यावर गेली, तेव्हा त्या ठरावात जीव आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला. पुढे लढा न्यायालयात गेला आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. तळे नगरपालिकेच्या मालकीचे आहे, हा मुद्दा त्यात महत्त्वाचा ठरला.

यातून तीन गोष्टी घ्यायच्या. ठराव झाला म्हणजे काम झाले असे नाही. झालेला ठराव रद्दही होऊ शकतो. आणि जागा कोणाच्या मालकीची आहे याचा कागद शेवटी कामाला येतो. बुद्धविहाराची जागा, समाजमंदिर, स्मशानभूमी, विहिरीकडे जाणारा रस्ता, या सगळ्यांना आजही हेच लागू आहे.

ग्रामपंचायतीची नगरपंचायत होताना काय बदलते?

रोजगार : केंद्राची ग्रामीण रोजगार हमी ग्रामीण क्षेत्रापुरती आहे. नगरपंचायत झाल्यावर गाव त्यातून बाहेर पडते. मजूर कुटुंबांना याचा पहिला फटका बसतो.

घरकुल : रमाई आवास योजना ग्रामीण आणि नागरी दोन्ही भागांत आहे, पण अनुदानाची रक्कम आणि मंजुरीची वाट वेगळी आहे. ग्रामपंचायतीच्या काळात यादीत असलेले नाव नव्या यादीत आपोआप आले असे गृहीत धरू नये. नगरपंचायतीत लेखी विचारावे.

घरपट्टी : ग्रामपंचायतीच्या नमुना आठऐवजी नगरपंचायतीचा आकारणी उतारा येतो. नव्या आकारणीची यादी प्रसिद्ध झाल्यावर हरकत घेण्याची मुदत असते. पत्र्याच्या घराला स्लॅबचा दर लागणे, क्षेत्रफळ जास्त धरले जाणे, मयत आजोबांचेच नाव राहणे या चुका त्याच मुदतीत दुरुस्त होतात. आणि एक लक्षात ठेवावे : कर आकारणीचा उतारा म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. गावठाण किंवा गायरानातील घरांना जागेचा वेगळा कागद लागतोच.

जुने दप्तर : ग्रामपंचायतीच्या जन्म-मृत्यू नोंदवह्या, ठराववह्या आणि मालमत्तांच्या नोंदी नगरपंचायतीकडे नीट आल्या की नाहीत, हे पाहणे आपले काम आहे. जात पडताळणीत अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे पुरावे पाहिले जातात. जुनी नोंदवही हरवली की त्याची किंमत वस्तीतल्या विद्यार्थ्याला चुकवावी लागते.

वस्तीचा पैसा कोठे असतो?

पहिला, नगरपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नात. दुर्बल घटक, महिला व बालकल्याण आणि दिव्यांग यांच्यासाठी प्रत्येकी ५ टक्के राखून ठेवायचे असतात. ग्रामपंचायतीच्या काळात मागासवर्गीयांसाठी स्वउत्पन्नाचा वाटा १५ टक्के होता, हेही ध्यानात असू द्यावे. तेव्हा दरवर्षी दोन आकडे मागावेत : तरतूद किती आणि प्रत्यक्ष खर्च किती. प्रश्न बहुतेक वेळा दुसऱ्या आकड्यात सापडतो.

दुसरा, समाजकल्याणाच्या निधीत. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्त्यांच्या सुधारणेच्या नागरी योजनेतून रस्ते, गटारी, पाणी, दिवाबत्ती, समाजमंदिर अशी कामे होतात. जुन्या कार्यकर्त्यांना ही योजना 'दलित वस्ती सुधार' म्हणून ठाऊक आहे. नगरपंचायतीच्या ठरावासह प्रस्ताव जिल्हा पातळीवर जातो. आमचा अनुभव असा की निधी आला नाही, ही तक्रार वस्तीत नेहमी ऐकू येते. पण चौकशी केली तर अनेकदा प्रस्तावच गेलेला नसतो. किंवा काम वस्तीच्या नावाने मंजूर होते आणि रस्ता वस्तीच्या कडेने दुसरीकडे वळतो. म्हणून मंजूर कामाचा कार्यारंभ आदेश, अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिकेच्या प्रती मागाव्यात. त्यात रस्ता कोठून कोठपर्यंत हे लिहिलेले असते. फीत घेऊन तो वस्तीतल्या चार माणसांसमोर मोजावा.

राखीव जागा आणि जनगणना

अनुच्छेद २४३-न प्रमाणे नागरी संस्थांत अनुसूचित जातींच्या जागा त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव असतात. महाराष्ट्रात महिलांसाठी निम्म्या जागा आहेत. हे प्रमाण जनगणनेच्या आकड्यांवरून काढले जाते आणि इथेच आपले मोठे नुकसान होते.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे ६५ लाख ३१ हजार बौद्धांची नोंद झाली. त्यांपैकी अनुसूचित जातीत मोजले गेले सुमारे ५२ लाख. उरलेल्या तेरा लाखांहून अधिक लोकांमध्ये धर्म 'बौद्ध' नोंदवून अनुसूचित जातीची नोंद न झालेले आपले बांधव मोठ्या संख्येने असणार. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतून धम्मात आलेल्या बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा केंद्रातही मिळाला. पण 'नवबौद्ध' ही अनुसूचीतली जात नाही. तिथे मूळ जातीचे नाव लागते.

समजा, नगरपंचायतीची लोकसंख्या १५,००० आहे आणि त्यात अनुसूचित जातीचे १,८०० लोक आहेत. प्रमाण १२ टक्के, म्हणजे १७ पैकी २ जागा. त्यातले ६०० नोंदीतून सुटले तर प्रमाण ८ टक्के होते आणि जागा एकच उरते. एका रकान्यामुळे सभागृहातला आपला आवाज निम्मा होतो.

जातीचे नाव लिहायचेच कशाला, असा प्रश्न तरुण विचारतात. तो रास्त आहे. जात सोडण्यासाठीच आपण धम्म घेतला. आमचे मत असे की धर्माच्या रकान्यात निःसंकोच 'बौद्ध' लिहावे आणि अनुसूचित जातीच्या प्रश्नाला अनुसूचीतील नाव सांगावे. हे जातीचे समर्थन नाही. जातीमुळे झालेल्या अन्यायावरील घटनात्मक उपायाचा तो दाखला आहे. येती जनगणना २०२७ ची आहे. विहारात रविवारच्या वंदनेनंतर दहा मिनिटे या विषयाला द्यावीत.

राखीव प्रभागातून उभे राहणाऱ्याने जात वैधता प्रमाणपत्र आधीच काढून ठेवावे. निवडून येऊनही मुदतीत ते सादर झाले नाही तर पद जाते. प्रभाग रचनेचा मसुदा प्रसिद्ध झाला की नकाशा वस्तीत लावावा. वस्ती दोन प्रभागांत तोडली गेली असेल तर मुदतीत लेखी हरकत घ्यावी. निवडून आलेल्या आपल्या सदस्याला कोणी धमकावून काम करू देत नसेल, तर २०१५ च्या दुरुस्तीनंतर तो अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील गुन्हा आहे.

नेहमी लागणाऱ्या सेवा

जन्म किंवा मृत्यूची नोंद २१ दिवसांत विनाशुल्क होते. एक वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून अनेक कामांना जन्म दाखला हाच जन्माचा पुरावा आहे. बाळंतपण घरी झाले असेल तर नोंद आपण स्वतः करायची.

विवाहाची नोंदणी १९९८ च्या राज्य कायद्याखाली होते. बौद्ध पद्धतीने विहारात झालेला विवाहही नोंदवावा. पुढे पेन्शन, वारसा, पासपोर्ट प्रत्येक ठिकाणी तो कागद मागितला जातो.

दाखला वेळेत मिळत नसेल तर 'महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५' वापरावा. अधिसूचित सेवेची मुदत कार्यालयात लावलेली असणे बंधनकारक आहे. मुदत टळली की ३० दिवसांत पहिले अपील, मग दुसरे, आणि शेवटी राज्य लोकसेवा हक्क आयोग. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो.

माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपये शुल्क आहे. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला तेही नाही. उत्तराची मुदत ३० दिवस. 'सर्व माहिती द्या' असे लिहू नये. 'अमुक आर्थिक वर्षातील दुर्बल घटक निधीची तरतूद, खर्च आणि कामांची यादी' असे नेमके लिहावे. उत्तर आले नाही तर पहिले अपील करायला विसरू नये. बहुतेक अर्ज तिथेच सोडून दिले जातात.

वस्तीने काय करावे?

प्रत्येक वस्तीत पाच-सहा जणांचा गट पुरे. त्यात निम्म्या मुली आणि स्त्रिया असाव्यात. नळाला पाणी किती वाजता येते हे त्यांनाच ठाऊक असते. विहारात एक फाईल ठेवावी : दिलेले अर्ज, पोच, ठरावांच्या प्रती, अंदाजपत्रक, विहाराच्या जागेचा उतारा. सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका निघाली की आपला विषय त्यात आहे का ते पाहावे. नसेल तर नगरसेवकाला लेखी द्यावे. सभा झाली की इतिवृत्त मागावे. आणि वर्षातून एकदा, अंदाजपत्रक तयार होण्याआधी, वस्तीची सभा विहारात घेऊन मागण्यांची यादी सह्यांनिशी मुख्याधिकाऱ्यांना द्यावी. कायद्याने ग्रामसभा गेली असली, तरी आपली सभा भरवायला कोणाची मनाई नाही.

जयंतीची वर्गणी आपण रुपयारुपयाचा हिशेब मांडून गोळा करतो. तोच हिशेब नगरपंचायतीकडे मागायची सवय लावली पाहिजे.

जय भीम! नमो बुद्धाय!