प्रवरेकाठची गारगोटी

मराठीच्या अभ्यासकाला नेवासे ठाऊक असते ते शके १२१२ मधील ज्ञानेश्वरीमुळे. आम्हीही ते वर्षानुवर्षे तसेच शिकवीत आलो. परंतु त्याच प्रवरेच्या काठी ह. धी. सांकलिया यांनी १९५४ ते १९५६ या काळात केलेल्या उत्खननात ३,००० वर्षांहून जुनी ताम्रपाषाणयुगीन वस्ती उजेडात आली. तिथे कॅल्सिडनीची पाती मिळाली, तसेच अकीक व कार्नेलियनचे मणीही.

या साऱ्या गारगोटीच्याच जाती. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेला लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे त्या पोकळ्यांत सिलिकायुक्त पाणी झिरपले आणि थरावर थर बसत अकीक घडला. लोहाच्या अंशाने कार्नेलियनला लाली येते. ती दगड तापवून गडद करण्याची विद्याही प्राचीनच. म्हणजे हे सौंदर्य काही निसर्गाचे, काही कारागिराचे.

एकाच कुळातल्या दगडातून माणसाने कापायचे पाते काढले आणि गळ्यातला मणीही. उपयोग आणि अलंकार यांची फारकत त्याने केली नव्हती. ती आपण वर्गात करतो. नेवाशाची सौंदर्यदृष्टी पहिल्या ओवीपासून सुरू होते, हे आमचे गृहीतक त्या मण्याने मोडले. आता ज्ञानेश्वरी शिकवताना आरंभ आम्ही त्या दगडापासून करतो.