होन्नावर : मिरीचे बंदर आणि पाठांतराची भूमी

शरावती नदी जोग येथे सुमारे २५३ मीटर खाली कोसळते, गेरसप्प्याच्या सदाहरित अरण्यातून वाट काढते आणि होन्नावराशी समुद्रास मिळते. घाटावरच्या अरण्यप्रदेशातील मिरी याच नदीच्या वाटेने बंदरावर येत असे. होन्नावराचे भाग्य आणि दुर्भाग्य ही दोन्ही त्या मिरीतून उद्भवली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

१५०५ साली पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेइदा याने येथे हल्ला करून गलबते जाळली. पुढे १५१० मध्ये ज्याने अल्बुकर्क यास गोवा घेण्याची सल्ला दिली, तो तिमोजाही याच बंदराचा नाविक सरदार होता. गोमंतकाच्या इतिहासाचा एक धागा असा शरावतीच्या मुखाशी येऊन पोहोचतो. गेरसप्प्याची जैन राणी चेन्नभैरादेवी हिला पोर्तुगीज ‘मिरीची राणी’ म्हणत. १५६९ मध्ये पोर्तुगीजांनी होन्नावर घेऊन तेथे किल्ला राखला. त्यानंतर केळदीचे नायक, हैदर, टिपू आणि १७९९ नंतर इंग्रज असे धनी बदलत गेले. १८६२ मध्ये हा भाग मुंबई इलाख्यात आला आणि १९५६ मध्ये म्हैसूर राज्यात गेला.

राजसत्तेचा इतिहास हा एवढा. तथापि या बंदराचा दुसराही एक इतिहास आहे आणि प्रस्तुत लेखकास तोच अधिक मोलाचा वाटतो.

सन १३४२ च्या सुमारास मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता येथे उतरला. येथील मुसलमान स्त्रियांस कुराण मुखोद्गत आहे, हे पाहून तो विस्मित झाला. गावात मुलींच्या १३ आणि मुलांच्या २३ शाळा आपण पाहिल्या, असे आपण अन्यत्र कोठेही पाहिले नाही, अशी नोंद त्याने करून ठेवली आहे.

पुढे १६२३ मध्ये इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला व्हाल्ले गोव्याहून पोर्तुगीज वकिलाबरोबर होन्नावरास आला व नदीने गेरसप्प्यापर्यंत गेला. राणीची ती राजधानी तोवर उजाड झाली होती; वाड्यांवर झाडे वाढली होती. मात्र घाट चढून गेल्यावर एका देवळाच्या ओसरीत त्याने निराळेच दृश्य पाहिले. काही बालके जमिनीवर बारीक वाळू पसरून तीत बोटाने अंक लिहीत होती आणि एका सुरात धडा म्हणत होती. गुरुजी जवळ नव्हते. मुलेच एकमेकांचा पाठ पक्का करून घेत होती. फळी भरली की ती पुसावी तशी वाळू सारखी करावी आणि पुन्हा लिहावे, असा त्यांचा क्रम होता.

ज्याने पाठशाळेत गुरूंसमोर बसून संथा घेतली आहे, त्यास हे दृश्य परके वाटणार नाही. धर्म निराळा, भाषा निराळी, विषयही निराळा. परंतु मुखाने म्हणावे, सहाध्यायाने ऐकावे, चुकल्यास पुन्हा आरंभ करावा, ही रीत एकच. राजधानी अरण्याने गिळली, किल्ल्यांचे धनी बदलले. त्याच मुलुखात वाळूवरची अक्षरे मात्र रोज पुसली जाऊन रोज नव्याने उमटत राहिली.

येथे एक गोष्ट मनास टोचते. या दोन्ही नोंदी परक्या पांथस्थांच्या आहेत. ते त्या वाटेने गेले नसते, तर त्या ३६ शाळा आणि ओसरीवरील ती बालके आपणास कशी कळली असती? जे आपल्या अंगवळणी पडलेले असते ते लिहून ठेवावे असे आपणास वाटत नाही, आणि नेमके तेच प्रथम लोपते.

म्हणून भक्तजनांस नम्र विनंती अशी की, आपल्या गावी कोणी गुरुजी ओसरीवर शिकवीत असत, त्यांचे नाव, त्यांची शिकविण्याची तऱ्हा, विद्यार्थ्यांची संख्या, जे वृद्धांच्या स्मरणात असेल ते आजच लिहून घ्यावे. पांथस्थाची वाट पाहत बसू नये.