रक्ताचा दाखला

गोवेकराच्या रक्तातच गाणे आहे, हे वाक्य आपण इतक्या कौतुकाने उच्चारतो की त्याला पुरावा मागणे असभ्यपणाचे वाटावे. मी तो मागणार आहे. कारण ज्यांचा गौरव म्हणून हे बोलले जाते, त्यांच्याच कष्टांवर ते पाणी फिरवते.

पूर्वपक्ष दुबळा नाही. पेडण्यातल्या मालपे गावी १८८३ साली जन्मलेल्या अंजनीबाई मालपेकरांची आई आणि आजी दोघीही गानकलेत नावाजलेल्या. केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई, मंगेशीचे दीनानाथ. एवढ्याशा मुलखात एवढे गळे योगायोगाने निपजत नाहीत. शिवाय विज्ञानाचा आधारही आहे. बेसूर ओळखण्याची क्षमता जुळ्या भावंडांत तपासणाऱ्या २००१ सालच्या एका संशोधनात व्यक्तिव्यक्तींमधल्या फरकाचा ७० ते ८० टक्के वाटा आनुवंशिकतेचा निघाला. हे सारे मला मान्य आहे. मान्य नाही तो निष्कर्ष.

आई मुलीला केवळ जनुके देत नाही. तंबोऱ्याशेजारी तिला निजवतेही. घराण्याच्या वंशावळीत ही दोन्ही दाने एकत्र उतरतात, म्हणून वंशावळ हा पुरावाच ठरत नाही. टक्क्यांचेही तसेच. ते व्यक्तींमधल्या फरकाबद्दल बोलतात. एका समाजात गवई अधिक का, याबद्दल अवाक्षर काढीत नाहीत. खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांद घातलेल्या शेतातल्या, शेतकऱ्याला हे समजावून सांगावे लागत नाही. कोरगुट भाताला खारे पाणी सोसते, हा गुण बियाण्याचाच. पण बांद फुटला, भरतीचे पाणी अडवणाऱ्या मानशीची दारे कुजली आणि ते पाणी शेतात तुंबून राहिले, तर कोरगुटही हातचे जाते. पीक बियाण्याने दिले की बांदाने, असे तिथे कोणी विचारीत नाही.

आता कोलवाळच्या पुलावर उभे राहा. एका अंगाला बार्देस, दुसऱ्या अंगाला पेडणे. मधे फक्त शापोरा नदी. बार्देस, तिसवाडी, सासष्टी या जुन्या काबिजादी सोळाव्या शतकातच पोर्तुगीजांकडे गेल्या. पेडणे, डिचोली या नव्या काबिजादी १७८० च्या दशकात. जुन्या काबिजादींत चर्चच्या शाळेने पोरांच्या हाती व्हायोलिन आणि स्वरलिपी दिली. त्याच परंपरेतले अँथनी गोन्साल्विस आणि सेबॅस्टियन डिसोझा पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीताचे आधार झाले. नव्या काबिजादींत देवळे टिकली, म्हणून सप्ताह, भजन, दशावतार टिकले. धर्मांतरापूर्वी दोन्ही काठांवरची माणसे एकाच मातीतली. मग व्हायोलिनचे रक्त वेगळे आणि पखवाजाचे वेगळे असते काय? रक्त तेच होते. शाळा बदलली.

पेडण्यातल्या एखाद्या देवळात भजन चालू असता खांबाला टेकून बसावे. सहा-सात वर्षांचे पोर झांज घेऊन बसलेले असते. सम चुकली की शेजारचा काका न बोलता त्याच्या गुडघ्यावर बोट आपटतो. पोर चपापते, पुढच्या आवर्तनाला सावध होते. रात्र सरेपर्यंत हेच. असा काका ज्याला लाभला नाही, त्या पोराचा उपजत कान कोणी मोजला आहे?

उलट बाजूही पाहावी. देवळांतल्या कलावंतांच्या ज्या गोमंतक मराठा समाजाच्या रक्तात गाणे असल्याचे सांगतात, त्याच समाजातले, पेडण्यात जन्मलेले दयानंद बांदोडकर खाणमालक झाले आणि १९६३ साली गोव्याचे पहिले मुख्यमंत्री. वाट मोकळी झाली, तशी माणसे चालली.

राहता राहिले घराणे. हा शब्दच रक्तवाद्यांना फार प्रिय. पण अंजनीबाईंचे गुरू नजीर खाँ उत्तरेतून मुंबईच्या भेंडीबाजारात आलेले. केसरबाईंनी १९२१ पासून ज्यांच्यापुढे वर्षानुवर्षे मेहनत केली, ते अल्लादिया खाँ राजस्थानचे. गुरू-शिष्यांत नात्याचा धागा नाही, धर्मही एक नाही. तरीही गायकी उतरली. कशातून उतरली? रोजच्या तालमीतून.

१९५८ साली संगीत नाटक अकादमीची फेलोशिप मिळालेल्या अंजनीबाई या पहिल्या स्त्री. त्यांच्यापुढे बसून शिकलेल्यांत कुमार गंधर्व होते. बेळगाव जिल्ह्यातल्या कानडी घरातला हा मुलगा, मूळ नाव शिवपुत्र कोमकली. त्याच्या अंगात मालपेचे रक्त कुठून आले, एवढेच रक्तवाद्यांनी सांगावे.