तिसरी पाळी, मशीन नंबर चार

शनिवार, 30 ऑगस्ट 2003. करी रोड स्टेशनातून बाहेर पडून तुम्ही भारतमाता सिनेमाकडे येता आणि सवयीनं वर बघता. वर नुसतं आभाळ. लालबागचा उड्डाणपूल व्हायला अजून आठ वर्षं आहेत. उद्या गणेश चतुर्थी, त्यामुळे थर्माकोलची मखरं दुकानांतून थेट रस्त्यावर आलीत आणि त्यांच्यावर कधी बंदी येईल असं कुणाच्या स्वप्नातही नाही. मागे गिरण्यांच्या चिमण्या उभ्या. धूर मात्र नाही.

वय अठरा करून घ्या. खिशात चाळीस रुपये आहेत. त्यातच आईनं कापूर-वातींसाठी दिलेले पैसेही मिसळलेत, ते ध्यानात ठेवा.

गल्लीच्या तोंडाशी, जिथं पूर्वी पिठाची चक्की होती त्या गाळ्यावर पाटी आहे: सायबर कॅफे, एसटीडी, झेरॉक्स, लॅमिनेशन. चपला बाहेर काढा. आत एसी आहे, म्हणजे धूळ चालत नाही. मोज्यांचा वास चालतो. आठ मशीन भिंतीला लागून, तीन प्लायवूडच्या केबिनमध्ये. काउंटरवर दादा. बापाला गिरणीतून मिळालेला हिशेब त्यानं या अकरा मशीनमध्ये घातलाय, म्हणून कुणी कीबोर्डवर हात आपटला की त्याचा चेहरा दुखल्यासारखा होतो. समोर लांबट वही: नाव, मशीन नंबर, सुरू, बंद. तासाला वीस रुपये.

तुम्ही नंबर चारवर बसता. माउस सरकत नाही. उलटा करा, खालची चकती फिरवा, गोळी बाहेर काढा आणि आतल्या रोलरवरचा मळ नखानं खरवडा. एवढं झालं की तुम्ही तयार.

आज तुमची गल्ली विरुद्ध मागची गल्ली. काउंटर-स्ट्राइक, चारास चार, मॅप डस्ट टू. हरेल त्या टीमनं आठही जणांचा तास भरायचा. सीडी लॅमिंग्टन रोडवरून आलेली, तिच्यावर स्केचपेननं नुसतं ‘सीएस’ लिहिलंय. मिन ली आणि जेस क्लिफ या दोन तरुणांनी 1999 मध्ये हौसेखातर ‘हाफ-लाइफ’ या दुसऱ्याच एका खेळावर चढवलेला हा खेळ. पुढं व्हॉल्व्ह कंपनीनं तो विकत घेतला, दुकानांत आणला. लालबागमधून त्यांच्यापैकी कुणाला छदामही पोचलेला नाही.

राउंड सुरू. दोघं लाँगनं, एक मधल्या दरवाज्यातून, तुम्ही बोगद्यात. हातातल्या आठशे डॉलरमध्ये पिस्तूल कुठलं घ्यायचं यावर मघाशी जेवढा खल झाला तेवढा तुम्ही बारावीनंतरच्या ॲडमिशनवरही केलेला नाही. डाव्या कानाशी मित्र ओरडतो, “बी ला आलेत, बी ला!” अडचण अशी, की हे शत्रूलाही ऐकू जातं, कारण शत्रू तुमच्यापासून दोन खुर्च्यांवर बसलाय. आणि तुम्ही मेलात. मेल्यावर राउंड संपेपर्यंत बसून बघायचं असतं. तुम्ही हळूच मान वाकडी करून नंबर सातचा स्क्रीन बघता.

“ए, चीटिंग नको,” काउंटरवरून आवाज. “मेलेल्यानं तोंड बंद.”

या खोलीला ऑनलाईन म्हणायचं का? इंटरनेटची एकच बारीक लाईन अकरा मशीनना वाटलेली आहे. तिच्यावरून परदेशातल्या सर्व्हरवर खेळायला गेलात तर गोळी सुटेपर्यंत तुमचा मुडदा पडलेला असतो. एमटीएनएलचं ब्रॉडबँड जानेवारी 2005 मध्ये येईल. तोवर खेळाचं जग म्हणजे मशीनना एकमेकांशी जोडणारी, भिंतीवरून ठोकत नेलेली निळी वायर. इंटरनेट केबिनवाल्यांसाठी. तिथं याहू चॅट चालतं आणि पहिला प्रश्न वय, लिंग, गावाचा असतो. तिसऱ्या केबिनमधला मुलगा ठासून ‘मलबार हिल’ टाइप करतो. त्याच्या घरची दहा बाय बाराची खोली तुम्हाला ठाऊक आहे. पण केबिनमध्ये कोण काय सांगतो हे बाहेर काढायचं नाही, हा इथला शिष्टाचार. एवढा शिष्टाचार पुढच्या काळात क्वचितच दिसेल.

पुढच्या राउंडला तुम्ही टेररिस्टांच्या बाजूला. बॉम्ब ठेवला जातो आणि स्पीकरमधून इंग्रजी घोषणा घुमते, बॉम्ब लावला गेलाय. खोलीत क्षणभर कुणीच काही बोलत नाही. गेल्या सोमवारी, 25 तारखेला, गेटवे आणि झवेरी बाजारात टॅक्सींमध्ये स्फोट झाले, पन्नासहून जास्त माणसं गेली. दादा उठतो आणि एकेका मशीनचा आवाज शून्यावर नेतो. “खेळा, पण मुक्यानं खेळा. हा आठवडा कसला चाललाय?” कुणी वाद घालत नाही. उरलेला खेळ नुसत्या माउसच्या टिकटिकीत होतो आणि तुम्ही हरता.

ही गोष्ट मी मुद्दाम लांबवतोय, कारण पोरं एकलकोंडी झाली ही तक्रार मला कधी पटलेली नाही. तुमच्या मागं आत्ता सहा जण उभे आहेत, एकाकडंही खेळायला पैसे नाहीत, आणि प्रत्येकाला वाटतंय की तुमच्यापेक्षा आपण बरं खेळलो असतो. घरी पीसी घ्यायचा तर हजारोंचा खर्च, आणि घेतला तरी दहा बाय बारात तो ठेवणार कुठं? देव्हाऱ्याखाली?

पावणेदहा वाजता दादा वहीतून वर बघतो आणि नंबर दोनवरच्या पोराला म्हणतो, “उठ. दहावीला ना तू? तुझे बाबा आत्ताच मखराचं सामान घेऊन वर गेले.” पोरगं तासातली वीस मिनिटं बाकी असल्याचं सांगतं. दादा सात रुपये परत देतो. पोरगं चपला शोधतं.

रात्रभराच्या दरात बसणारेही आहेत. शटर अर्धं खाली, आत निळा उजेड. समोरच्या चाळीतले एक म्हातारे, जन्मभर साच्यावर उभे राहिलेले, गॅलरीतून विचारतात, “काय रे, तिसऱ्या पाळीला का?” आणि हसतात. त्यांच्या गिरणीत आता पहिलीही पाळी नाही. तुम्ही कापूर आणि वाती विसरलायत.

आता परत या. वाट लांब नाही. 2009 मध्ये मुंबईत अकरावीचे प्रवेश ऑनलाईन झाले आणि दादाच्या खुर्च्यांवर आईबाप येऊन बसले. 2011 च्या केंद्रीय नियमांनी ओळखपत्र सक्तीचं केलं आणि केबिनची उंची साडेचार फुटांवर आणली. 2016 मध्ये जिओचं मोबाईल इंटरनेट आलं. गाळ्यात आज आधार, पॅन आणि झेरॉक्स चालतं. पोरं 2018 पासून मोबाईलवरच्या पब्जी या खेळात गेली, चौघांचे स्क्वाड करून, हेडफोन लावून. 2 सप्टेंबर 2020 ला सरकारनं 118 ॲप बंद केली, त्यांत पब्जीही गेलं. त्या बंदीचा संबंध चीनशी होता, पोरांच्या झोपेशी नव्हता.

पुढच्या वर्षी तोच खेळ भारतीय नाव लावून परतला. अठराखालच्यांना दिवसाला तीनच तास, आणि नोंदणीला पालकांचा मोबाईल नंबर हवा. पोरगं तिथं चुलतभावाचा नंबर टाकतं आणि ॲप तो मान्य करतं. दादाकडं हे चाललं नसतं, कारण त्याला चुलतभावही ठाऊक होता.