ऑपेराचं बिल कुणी भरलं?

मेट्रो ३ ने चर्चगेटला उतरलो की मला हमखास कैरो आठवतं. मी तिथं कधीच गेलेलो नाही. पण या दोन्ही शहरांचं नशीब एकाच पिकानं पालटलं होतं.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली. तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि आपल्याकडच्या व इजिप्तच्या कापसाचा भाव कडाडला. मुंबईत तो पैसा बॅकबेच्या समुद्रात भराव टाकायला निघालेल्या कंपन्यांच्या शेअरांत गेला. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि शेअर कोसळले. कैरोतही तेजी ओसरली, पण तिथं बांधकाम थांबलं नाही. ते कर्जावर चालू राहिलं.

इजिप्तचा शासक इस्माईल १८६७ मध्ये पॅरिसचं प्रदर्शन पाहायला गेला आणि तिथल्या रुंद रस्त्यांनी भारावून परतला. अली मुबारक या मंत्र्यावर काम सोपवलं गेलं: जुन्या शहराच्या पश्चिमेला, नाईलच्या दिशेनं, नवं कैरो. बागा, चौक, गॅसचे दिवे. मुदत ठरलेली होती, नोव्हेंबर १८६९, सुएझ कालव्याचं उद्घाटन. युरोपातले पाहुणे येणार म्हणून ऑपेरा हाउस काही महिन्यांत, बहुतांशी लाकडात, उभं केलं.

शहर, रेल्वे, कालवे, सगळ्यासाठी पैसा लंडन-पॅरिसच्या सावकारांचा. १८७३ चं कर्ज कागदावर ३ कोटी २० लाख पौंडांचं होतं. हातात पडले सुमारे २ कोटी. व्याज मात्र पूर्ण रकमेवर.

फेडायला शेतकरी होताच. १८७१ चा ‘मुकाबला’ कायदा म्हणत होता, सहा वर्षांचा शेतसारा आगाऊ भरा, पुढं कायमचा निम्मा माफ. तेवढ्यानंही भागेना. १८७५ मध्ये इस्माईलनं कालव्यातले आपले १,७६,६०२ शेअर सुमारे ४० लाख पौंडांना ब्रिटनला विकले. १८७६ मध्ये दिवाळं निघालं आणि तिजोरीवर युरोपीय अधिकारी येऊन बसले. १८७९ मध्ये इस्माईलची गादी गेली, १८८२ मध्ये ब्रिटिश फौज आली. मधल्या काळात, १८८० मध्ये, मुकाबला कायदा रद्द झाला. आगाऊ सारा भरलेल्यांची निम्मी माफीही त्याबरोबर गेली.

मेट्रो ३ लाही जपानच्या जायका संस्थेचं कर्ज आहे. म्हणून मी ती टाळत नाही. घामाघूम न होता पोचतो, बरं वाटतं. परदेशी पैसा आला की शहर बुडतंच, असंही मला म्हणायचं नाही. पण नव्या प्रकल्पाची हजारो कोटींची बातमी मोबाइलवर झळकली, की मी आता चकचकीत चित्रं सोडून खालचा मजकूर वाचतो. हातात नेमके किती येणार, तारण काय, आणि फेडणार कोण?

कैरोचं ते ऑपेरा हाउस १९७१ मध्ये जळालं. सहा वर्षांचा सारा आगाऊ भरणाऱ्या शेतकऱ्यांपैकी कितीजण त्याच्या दारापर्यंत तरी पोचले असतील?