ओव्हरबाइट

ओव्हरबाइट : मागच्या दाढा एकमेकींवर नीट टेकलेल्या असताना वरच्या पटाशीच्या दातांनी खालच्या पटाशीच्या दातांना उभ्या दिशेने झाकण्याचे प्रमाण. थोडे झाकलेले असणे हे व्यंग नव्हे. खालच्या दाताचा साधारण एक-तृतीयांश भाग, म्हणजे 2 ते 4 मिमी, झाकलेला असतोच. निम्म्याहून अधिक झाकला गेला तर त्याला खोल चावा किंवा डीप बाइट म्हणतात. वरचे दात खालच्यांच्या किती पुढे आहेत त्या आडव्या अंतराचे नाव ओव्हरजेट. बोलताना दोन्हींना ‘दात पुढे आहेत’ असेच म्हटले जाते आणि घोळ तिथूनच सुरू होतो. पुढे आलेले दात घरच्यांना दिसतात, म्हणून मूल दवाखान्यात येते. खोल चाव्याचे मूल राहून जाते, कारण त्याची वरची ओळ समोरून चांगली दिसते.

तपासणी : मुलाला ‘दात मिट’ म्हटले की ते बहुधा खालचा जबडा पुढे सरकवून पुढचे दात भिडवते. म्हणून आधी आवंढा गिळायला लावून दाढा मिटवून घेतात. चावा फार खोल असेल, तर मग ओठ वर केला की खालचे दात दिसतच नाहीत, वरच्यांच्या कडा थेट खालच्या हिरडीशी पोचलेल्या असतात. तोंड उघडून छोट्या आरशात वरच्या दातांमागची हिरडी पाहिली, तर खालच्या दातांच्या कडांचे बारीक लाल ठसे उमटलेले सापडतात. प्लास्टरचे साचे घेण्याचे मोल इथे कळते. मिटलेले साचे हातात उलटे फिरवून जिभेच्या बाजूने पाहता येतात, जे जिवंत तोंडात शक्य नाही. खालचा दात वरच्या दाताला टेकला आहे, हिरडीला टेकला आहे की तिच्यात रुतला आहे, याचा उलगडा तिथे होतो. दोष दातांचा की जबड्याच्या हाडांचा, हे बाजूने काढलेल्या एक्स-रेवरून, म्हणजे सेफॅलोग्रामवरून ठरवतात. हे तंत्र 1931 पासून वापरात आहे.

कारणे : आनुवंशिक ठेवण, खालचा जबडा मागे किंवा आखूड असणे, मागचे दात लवकर गमावणे.

उपचार केव्हा : ब्रूक आणि शॉ यांनी 1989 साली मांडलेला उपचार-गरजेचा निर्देशांक बराच प्रमाण मानला जातो. त्यात पाच श्रेणी आहेत. चावा 3.5 मिमी किंवा अधिक खोल, पण हिरडीला स्पर्श नाही, तर दुसरी श्रेणी, म्हणजे गरज अल्प. खालचे दात हिरडीला किंवा टाळूला टेकतात पण इजा नाही, तर तिसरी. इजा होत असेल तर चौथी, आणि तिथे उपचार हवाच. ओव्हरजेट 6 मिमीच्या वर गेले की चौथी, 9 मिमीच्या वर पाचवी. म्हणजे निर्णय नुसत्या मिलिमीटरवर होत नाही. ठसा आणि जखम पाहावी लागते. वयाला मात्र या निर्देशांकात जागा नाही, आणि ही त्याची मोठी उणीव होय. जबडा वाढता असतो तोवर, मुलींत साधारण 10 ते 12 व मुलांत 12 ते 14 वर्षांच्या सुमारास, खालच्या जबड्याची वाढ हाती धरता येते. स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांचे 1977 मधील ट्विन ब्लॉक हे काढघालीचे उपकरण त्याच काळासाठी आहे. बाइट प्लेट, म्हणजे वरच्या दातांमागे बसवायची काढघालीची पट्टीही याच वयात उत्तम चालते: खालचे दात प्लेटवर टेकतात, मागच्या दाढांत फट पडते आणि दाढा वाढून ती भरून काढतात. वाढ थांबल्यानंतर तारा, हाडात बसवायचे बारीक स्क्रू, क्वचित जबड्याची शस्त्रक्रिया.

याउलट 8 ते 11 वयात वरच्या दातांत दिसणाऱ्या फटी सुळे उगवताना बहुधा आपोआप मिटतात. त्यासाठी घाई नको. ओव्हरजेटसाठी लहानपणीच दोन टप्प्यांत उपचार करावेत का, यावर मतभेद आहेत. 2013 च्या कॉक्रेन आढाव्यात लवकर सुरुवातीने पुढच्या दातांना मार लागण्याचे प्रमाण घटलेले दिसले, इतर फायदा आढळला नाही. जबड्याच्या सांध्याच्या दुखण्याशी खोल चाव्याचा संबंध निश्चित मानता येत नाही.

नागपूर : प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर, खामला या नैर्ऋत्य भागातील पालकांना दोन वाटा आहेत. मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारातले शासकीय दंत महाविद्यालय 1968 चे. दुसऱ्या बाजूला, हिंगणा रस्त्यावर, डिगडोहचे व्हीएसपीएम व वानाडोंगरीचे कळमेघ स्मृती ही खासगी दंत महाविद्यालये. अशा ठिकाणी तारा बहुधा एमडीएसचे (दंतवैद्यकातील पदव्युत्तर) विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली लावतात. अभ्यासक्रम तीन वर्षांचा, उपचार दीड-दोन वर्षांचा. तेव्हा मधेच डॉक्टर बदलणार का, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे.

विदर्भात आणखी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. चंद्रपूर-यवतमाळच्या फ्लोराइडयुक्त पाण्याने डागाळलेल्या दातांवर तारेचे ब्रॅकेट (तार अडकवण्याचे बारीक तुकडे) चिकटवणे अवघड जाऊ शकते. आणि खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचे मिश्रण: त्यातल्या सुपारीमुळे गालाच्या आतली त्वचा कडक होऊन तोंड दोन बोटेही उघडेनासे झाले, तर मागच्या दाढेपर्यंत हात पोचत नाही, चावा कितीही खोल असो, आधी खर्रा सुटावा लागतो.

अलाइनर (दातांवर चढवायचे पारदर्शक साचे) : सौम्य दोषांत उपयोगी.

उपचारानंतर : दात जागेवर टिकवणारा रिटेनर न वापरल्यास चावा पुन्हा खोल होऊ शकतो.